सेंटर फॉरवर्डची दृष्ट

"दारियो जगात कुणाला भीत नाही! कोचला नाही, पेपरवाल्यांना नाही, स्टेडियमभर शिट्ट्या मारणाऱ्यांना तर नाहीच!" हॉलंडमधल्या रायस्वाइक गावी, एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर, एकवीस वर्षांच्या इटालियन सेंटर फॉरवर्डने स्वतःच्याच नावाने गर्जना केली.

"हलू नकोस," मेधा म्हणाली. "मोहरी सांडतेय."

तो हलला नाही. शेजारणीच्या पाटावर मांडी घालून मुकाट बसला. मागच्या हंगामात याच जिन्यावर पोरी त्याच्यासाठी ताटकळायच्या, बेकरीवाला पाव फुकट द्यायचा. यंदा, २००५चा डिसेंबर उजाडला तरी, एकही गोल नाही. आता लिफ्टमध्ये लोक त्याच्याऐवजी बटणांकडे बघत. उद्याही गोल झाला नाही तर क्लब त्याला परत इटलीला धाडणार होता.

"एवढं कौतुक झालं आणि गालाला काजळाचा ठिपका नाही. दुसरं काय होणार?" मेधाने निदान केलं. त्याला ते लगेच पटलं. आजीने गळ्यात घातलेलं पोवळ्याचं शिंग त्याने तिला दाखवलं. तेही याचसाठी होतं.

"आल्यागेल्याची, पेपरवाल्यांची, गॅलरीतल्या पोरींची," म्हणत मेधाने मुठी ओवाळल्या आणि मीठ, मोहरी, लाल मिरच्या तापल्या तव्यावर टाकल्या.

पुण्यात अशा वेळी फार तर घरातले खोकतात. इथे छताला लावलेलं, धूर हेरणारं यंत्र किंचाळलं. त्याचं ऐकून जिन्यातलं. बघता बघता सगळी इमारत फुटपाथवर उतरली आणि दारात आगीचा बंब येऊन उभा राहिला.

"पापड जळला म्हणून सांग," प्रताप बायकोच्या कानात कुजबुजला. "आपण या देशात परमिटवर राहतोय गं."

"माझ्या हातून पापड कधी जळलाय?"

तेवढ्यात गर्दीतल्या एकाने दारियोला ओळखलं. पायात नुसते मोजे, केसांत मोहरी. "गोल जमत नाही, निदान घर तरी पेटवलंस!" फुटपाथ खदखदून हसला. कुणीतरी मोबाइलवर फोटोही काढला.

एक धिप्पाड बंबवाला वर जाऊन, सात-आठ शिंका देऊन खाली आला. "काय जाळत होतात?"

मेधाने दारियोकडे पाहिलं. उद्याच्या मॅचआधी पोराची आणखी शोभा नको. तिने पापडाची बदनामी पत्करायचं ठरवलं आणि तोंड उघडलं.

पण दारियोच पुढे झाला. "ही माझी दृष्ट काढत होती. मीच काढायला सांगितली. हसा! पेपरात छापा! उद्या मी मैदानात उतरणार. ज्यांना शिट्ट्या मारायच्यात त्यांनी पुढच्या रांगेत बसा, म्हणजे मला नीट ऐकू येतील!"

हसू थांबलं. फोटोवाल्याने मोबाइल खिशात टाकला. प्रतापसुद्धा जरा ताठ उभा राहिला.

बंबवाल्याने हेल्मेट काढलं. त्याच्या कोटाच्या कॉलरमधून दारियोच्याच क्लबचा मफलर डोकावत होता. त्याने आजूबाजूला पाहिलं आणि मेधाच्या कानाशी वाकला.

"बाई, मिरच्या उरल्यात का? आमच्या गोलकीपरचीही काढाल?"