चोवीसवर तीन शून्यं

काझने ओल्या फडक्याने अंगणातल्या गाडीच्या काचेवरची जुनी किंमत पुसली आणि बुटाच्या पांढऱ्या पॉलिशने वाढवून नवी लिहिली. चोवीसवर तीन शून्यं. त्याची बायको जेनोवेफा वरच्या मजल्याच्या खिडकीतून बघत होती. शुक्रवार होता, संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये पिरोगी, म्हणजे पोलंडकडच्या उकडलेल्या करंज्या, पोचवायच्या होत्या. बटाट्याचं सारण भरून ती एकेकीची कड दाबत होती. आज कडा जरा जास्तच दाबल्या जात होत्या.

चोवीस हजार डॉलर. चौकातला गॅरेजवाला त्याच सालची, तसलीच निळी गाडी सहा हजारांत देत होता, आणि तिचा हीटर चालत होता.

ईस्टरपर्यंतच्या उपवासात ती दर वर्षी काहीतरी सोडायची. कधी साखर, कधी कॉफी. यंदा तिने रागाने बोलणं सोडलं होतं. फादर हसले होते. तुमच्यासारख्या बाईला त्यात काय अवघड, म्हणाले होते.

चर्चला लागून तळमजल्यावरची एक जागा रविवारपर्यंत त्यांच्यासाठी राखून ठेवली होती. जिना नाही, न्हाणीघरात धरायला दांडी. फक्त गाडी ठेवायची सोय नाही. तिच्या गुडघ्यांनी केव्हाच हो म्हटलं होतं. काझही हो म्हणाला होता. गाडी विकली की जाऊ, म्हणाला होता. आणि मग पॉलिशची डबी घेऊन आला होता.

आजचं गिऱ्हाईक टोलीडोहून आलं होतं. रेनिटा नावाची पन्नाशीची बाई, शहरात बस चालवणारी. वडिलांकडे अशीच गाडी होती म्हणे. तिने बॉनेट उघडून बघितलं, छपराच्या रेग्झिनखालचा गंज बोटाने चाचपला, आणि मग सगळे विचारतात तेच विचारलं. एवढी का?

वर जेनोवेफाचा हात थांबला. या एका प्रश्नासाठी तर तो ती किंमत लिहीत होता. किंमत कसली, गळ होता तो. मासा लागला की गोष्ट सुरू.

पिठाच्या हातांनीच ती कठडा धरून जिना उतरू लागली. गोष्ट तिला पाठ होती. पेट्रोलची टंचाई आली आणि काझ कामाला होता त्या मोटारींच्या कारखान्याने गाड्या आखूड करायच्या ठरवल्या. आखूड गाडीचा पहिला सांगाडा काझच्याच हातांखालून गेला. त्याच वर्षी कामावरून काढलेल्यांच्या यादीत काझचं नाव लागलं, आणि त्याने उरलेल्या पैशांत हीच गाडी घेतली. का, तर विसरायला नको म्हणून. प्रत्येक पायरीला गुडघ्यात कळ येत होती आणि प्रत्येक पायरीला गोष्ट पुढे सरकत होती. ती खाली पोचली तेव्हा तो गोष्टीतल्या नेहमीच्या जागी आला होता.

"हातभर गाडी कापली, बाई," काझ बॉनेटवर थाप मारत म्हणाला, "आणि तिच्याबरोबर आम्हाला कापलं. चार वर्षं घरी बसलो मी."

इथे लोक च्च च्च करायचे आणि निघून जायचे. ही बाई गेली नाही.

"चार वर्षं?" रेनिटा म्हणाली. "मग घर कसं चाललं?"

काझने खांदे उडवले.

"चाललं. चालतंच."

जेनोवेफा दारात उभी होती. ती चार वर्षं तिने इस्पितळाच्या धुलाईघरात ओल्या फरशीवर रात्रपाळीत उभं राहून काढली होती. लोकांच्या रक्ताच्या, ओकारीच्या चादरी. सकाळी घरी येऊन पोरांचे डबे. तिचे गुडघे तिथेच राहिले होते. आणि हा अंगणात या गाडीला पॉलिश करत होता, आजच्यासारखाच. गाडीच्या कागदांवर दोघांची नावं होती. गोष्टीत एकाचंच.

तिच्या तोंडात शब्द आले. भरपूर आले. तिने ते गिळले, तसेच, कडू.

मग ती बर्फाचा काळा पडलेला ढीग चुकवत गाडीपाशी गेली, एप्रनचं टोक काचेवर ठेवलं, आणि शेवटचं शून्य पुसलं. नीट पुसलं. कडेला राहिलेला ओरखडाही नखाने काढला.

रेनिटाने काचेकडे बघितलं, मग तिच्याकडे. "हीच किंमत?"

"हीच. कागदांवर माझंही नाव आहे," जेनोवेफा नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली. "पैसे आज दिलेत तर गाडी आजच न्या. हीटर चालत नाही, अंगावर कोट असू द्या."

रेनिटाने पर्स उघडली. काझ काचेवरच्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. पॉलिशचा बोळा अजून त्याच्या हातात होता.

"जेन," तो म्हणाला. त्याचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "रागावलीस?"

"नाही," ती म्हणाली. "उपवास आहे माझा."

आणि कठडा धरून वर निघाली.