सरांचं चिक्कू घड्याळ

काकासाहेब सरांचं स्टॉपवॉच लई चिक्कू, वेळ कायम जास्तच दाखवायचं, म्हणून पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या सगळ्या पोरी उस्मानपुऱ्याच्या नव्या कोचकडं निघून गेल्या. तिकडं त्याच पोरी शंभर मीटर हसतखेळत १३.८ सेकंदांत मारायला लागल्या. पूर्ण गुणांसाठी चौदाच्या आत यावं लागायचं.

मुनिरा तेवढी सरांकडं टिकली. पलीकडच्या टोकाला, पळायला सुरुवात व्हायची तिथं, सरांचा मदतनीस सांडू शिट्टी फुंकून लाल रुमाल खाली टाकायचा, इकडं शेवटच्या रेषेवर सर घड्याळ घेऊन उभे. त्या घड्याळाच्या नावानं बोटं मोडत, रोज दोन फेऱ्या जास्तीच्या पळून ती कशीबशी १३.९ वर आली.

भरतीच्या दिवशी मैदानात यंत्र लावलेलं होतं. १३.८ वाल्या पोरी यंत्रात १४.१ निघाल्या. मुनिरा मात्र बरोब्बर १३.९!

यंत्रवाला हसून म्हणाला, "या पोरींचा कोच शिट्टी ऐकून घड्याळ चालू करत असणार. आवाज शंभर मीटर चालून येईस्तोवर पाव सेकंद फुकटात मिळतो. रुमाल बघून बटन दाबायचं असतं."

मुनिरा उड्या मारतच गेटाबाहेर थांबलेल्या सरांकडं आली अन् त्यांच्या कानाशी ओरडली, "सर, ही खुबी तुम्हाला आधीपासून ठाऊक होती व्हय? तुम्ही शिट्टीवर घड्याळ कधी लावलंच नाय!"

सरांनी कानामागं हात धरून ऐकलं अन् गोंधळून विचारलं,



"अगं, सांडू शिट्टीपण वाजवतो व्हय?"