समिती येणार म्हणून

विटांच्या शेगडीतले पेटते कोळसे बुरुलने चिमट्याने बादलीत काढले आणि बादली अंगणातल्या बर्फात उपडी केली. फस्स झालं. आत येऊन तिने सणासुदीला अंथरायचा लोकरी नमदा गुंडाळून पलंगाखाली ढकलला आणि लोण्याची बरणी पेटीत लपवली. तिचा म्हातारा नवरा गोधडीतून सगळं बघत होता.

"पाहुणे यायचे आणि तू चूल विझवतेस," शार्शेन म्हणाला. "आईने हेच शिकवलं का तुला?"

"पाहुणे नाहीत ते. समिती आहे."

"दारात आला तो पाहुणा."

"गेल्या वर्षी केला की पाहुणचार. काय पडलं पदरात?"

अत-बाशी गावच्या गरीब म्हाताऱ्यांना सरकार हिवाळ्यासाठी कोळसा देतं, पण आधी तालुक्याहून समिती येते आणि घर बघून जाते. गेल्या वर्षी बुरुलने उरलासुरला कोळसा जाळून खोली उबवली होती. लोणी, जर्दाळूचा मुरांबा, गरम पाव, सगळं मांडलं होतं. समितीचे साहेब साबीरबेक शेगडीच्या भिंतीला पाठ टेकून चार वाट्या चहा प्याले, चहाची तारीफ केली आणि गेले. कोळसा मिळाला शेजारच्या कालीपाला. तिचा मुलगा मॉस्कोहून पैसे पाठवतो, पण समिती यायच्या आदल्या दिवशी तिने घरातला टीव्हीसुद्धा बहिणीकडे पोचवला होता.

"अगं, रडल्याशिवाय आईही पाजत नाही," यंदा कालीपाने तिला पढवलं. "घर गार ठेव. तोंड पाडून बस. आणि म्हाताऱ्याला म्हणावं, जरा खोका."

खोकायला त्याला सांगावं लागत नव्हतं. पानं गळायला लागली तेव्हापासून त्याच्या छातीत घरघर होती. याला ऊब हवी, डॉक्टरीणबाई म्हणाली होती, औषध नंतर. अंगणाच्या कोपऱ्यात होता तेवढा कोळसा अर्ध्या हिवाळ्यालाही पुरणार नव्हता. सरकारचा मिळाला तरच तो वसंत बघेल, हे बुरुलला कळत होतं.

"एका दिवसाची तर गोष्ट," ती म्हणाली. "मग बघा, घाम फुटेल तुम्हाला."

तो हसला आणि हसता हसता खोकला. "उभा जन्म मेंढरांमागे डोंगरात काढला. एका दिवसाचं काय सांगतेस?"

त्या दिवशी समिती आली नाही. घाटात बर्फ पडला होता. फोन आला, उद्या नक्की. संध्याकाळी बुरुल कोळसा आणायला उठली आणि दाराशी थांबली. विटांची शेगडी एकदा तापली की दुसऱ्या दिवशीही तिची भिंत कोमट राहते, आणि साहेबांना पाठ टेकायची सवय. तिने आपली गोधडी म्हाताऱ्यावर घातली, वर मेंढीच्या कातड्याचा कोट घातला, विजेच्या किटलीत चहा करून पाजला. स्वतः त्याला बिलगून पडली.

सकाळी काचांवर आतून बर्फ धरला होता. दुपार कलली. शार्शेनने जन्मात बायकोकडे काही मागितलं नव्हतं. त्या दुपारी तो एकदाच म्हणाला, "म्हातारे, जराशी पेटव ना."

"आता येतीलच हो," ती म्हणाली.

ते आले नाहीत. दिवस मावळायला लागला तेव्हा तिने समितीला शिव्या घातल्या आणि शेगडी पेटवली. मागे खोकला थांबला होता. आधी तिला बरंच वाटलं. खोली तापायच्या आत तो गेला.

मयताच्या घरी रिकाम्या हाताने कोणी येत नाही. कोणी पिठाची गोणी आणली, कोणी मेंढा आणला, आणि दिवस कडाक्याचे म्हणून जो तो कोळसा घेऊन आला. कालीपाने तर स्वतःला मिळालेल्या कोळशाची गोणी घसरगाडीवरून ओढत आणली आणि बुरुलच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली. अंगणात ढीग लागला. शेगडी दोन दिवस धडधडत होती. माणसं कोट काढून बसत होती, कपाळाचा घाम पुसत होती. बुरुलला ती ऊब सोसवेना. तिला बायकांनी शेगडीजवळ बसवावं आणि तिने उठून पुन्हा दाराशी, वाऱ्यात जाऊन बसावं, असं चाललं होतं.

दफन करून माणसं परतली आणि फाटकाशी समितीची गाडी उभी राहिली. घाट त्याच दिवशी मोकळा झाला होता. साबीरबेक आत आले ते टोपी हातात घेऊनच. त्यांनी ओंजळ धरून दुआ म्हटली, पावाचा तुकडा मोडून तोंडात घातला. कोळशाचा ढीग त्यांनी पाहिला होता. धगधगती शेगडीही पाहिली. पण माणूस वाईट नव्हता. गेल्या वर्षीचा चहा त्यांना आठवत असावा, कारण ते शेगडीकडे फिरकलेच नाहीत. ते बुरुलसमोर गुडघ्यांवर बसले.

"आपा, मला सबब सांगायला तोंड नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "पण यंदा तुमचा कोळसा मी बुडू देणार नाही. घर थंड होतं असं लिहितो. एवढं खोटं देव पोटात घालील."

शेजारी बसलेली कालीपा घाईघाईने मान हलवू लागली.



"खोटं कशाला, बाळा?" बुरुल म्हणाली. "परवापर्यंत थंडच होतं. तुम्ही येणार म्हणून मीच ठेवलं होतं."