आठाचा आकडा

कापसाचं काही खरं राहिलं नाही म्हणून मूर्तिजापूरचा प्रफुल वावर भावाच्या हवाली करून न्यूझीलंडात गाईंच्या गोठ्यावर नोकरीला लागला. मालकाची अट एकच होती: वर्षाच्या आत इथलं गाडीचं लायसन काढ, नाही तर गाशा गुंडाळ. आपलं बारा वर्षांचं जुनं लायसन दाखवलं की बदलून मिळेल, या भरवशावर तो ऐटीत ऑफिसात गेला, तर तिथल्या बाईंनी त्याला नव्याने परीक्षेलाच बसवलं.

तिसऱ्यांदा नापास झाल्यावर त्याने अकोल्याला जुबेरला, आपल्या लहानपणच्या दोस्ताला, फोन लावला.

"आपल्या लायसनाले इथं कवडीची किंमत नाही बे! मले का फुकट भेटलं थे? जीपनं आठाचा आकडा काढला, एक खांब नाही पडू देला! सायबानं सोता माही पाठ थोपटली होती!"

जुबेर हळूच म्हणाला,



"थे पाठ माही होती, लेका. तू त त्या दिवशी सेमाडोहले वाघ पाहाले गेला होता."