समोरचा फोन

लॅपटॉपनं पुन्हा समोरच्या दुकानातलाच फोन धरला.

बसवेशला धरायचा होता विठ्ठलरावांचा. तो तर काउंटरवर लॅपटॉपला चिकटूनच पडलेला. पण हे येडं बोळ ओलांडून थेट हनुमानच्या फोनला हाक मारून आलं. समोर हनुमाननं फोन उचलला, पाहिलं, 'नको'चं बटण दाबलं आणि फोन पालथा ठेवला. मान काही इकडं वळवली न्हाई.

बीडच्या स्टँडमागचा बोळ तो, केवढासा असणार. एका दुकानात माणूस शिंकला की समोरच्यातला दचकतो.

विठ्ठलराव चकलांब्याहून आलते. झेडपीचं तिकीट मागायला निघालेला माणूस, अख्खा गट त्याच्या फोनात, आणि त्याच फोनचा पडदा आता अर्धा काळा पडलेला. सगळे नंबर लॅपटॉपवर घेऊन नव्या फोनात टाकायचे होते. वायर लावावी तर फोनची खाचच मोडलेली. उरलं ब्लूटूथ.

रोग काय, ते बसवेशला ठाऊक होतं. लॅपटॉपला लावलेली ब्लूटूथची बोटाच्या पेराएवढी डबी एक आणि तिला चालवणारे ड्रायव्हर दोन. जुना हनुमाननं सीडीवरून टाकलता, दोघांचं मोबाईलचं दुकान एक होतं तेव्हा. नवा बसवेशनं टाकला, दुकान मोडल्यावर. नव्यानं कुणाचा फोन हुडकायला घ्यावा की जुना मधीच उठणार आणि आपल्या ओळखीच्या फोनकडं पळणार. दोघांच्या वढाताणीत कामाचा फोन राहतो बाजूलाच.

औषधबी ठाऊक होतं. जुना काढायचा, लॅपटॉप बंद करून चालू करायचा, झालं. पण जुना गेला की त्याच्या ओळखीबी जातात. आणि त्याच्या ओळखीचा फोन होता एकच. म्हणून तर बसवेश दिवाळीपासून हरेक गिऱ्हाइकाला वायरच लावत आलता.

विठ्ठलराव म्हणले, समोरच बसलाय की हनुमान, त्याला विचार. बसवेश म्हणला, आमी बोलत न्हाई.

"कावून?"

"सकाळी शटर कुणी उघडायचं, यावरून."

विठ्ठलरावांनी एकदा हे शटर पाहिलं, एकदा ते.

"मग आता बरं झालं. दोघांनाबी रोज उघडावं लागतंय."

बसवेशनं पुन्हा बटण दाबलं. लॅपटॉप पुन्हा पळाला बोळापल्याड. विठ्ठलराव हसायलाच लागले. तू बोलत न्हाईस तर न्हाई, म्हणले, पण तुझं हे यंतर लई बोलकं हाय.

समोर हनुमाननं फोन हातात घेतला. या वेळी पालथा ठेवला न्हाई. अंगठा चालत राहिला, थांबला, पुन्हा चालला. मग ब्लूटूथवरूनच लॅपटॉपवर एक चिठ्ठी उतरली, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली मराठी.

'जुना काढून टाक. मीच टाकलेला हाय तो. त्याच्यामुळं अडू नको.'

बसवेशनं ती दोनदा वाचली. विठ्ठलरावांनी घड्याळ बघितलं.

लॅपटॉपनं विचारलं, खरंच काढायचा का. बसवेशचं बोट थोडा वेळ तसंच वर राहिलं. मग त्यानं दाबलं. लॅपटॉप विझला, उजळला, ओळखीच्या फोनांची जागा कोरी. विठ्ठलरावांचा फोन पहिल्याच हाकेला आला. भराभरा नावं उतरायला लागली, सरपंच, माजी सरपंच, सोसायटीवाले, भजनी मंडळ. तीच मग नव्या फोनात गेली. विठ्ठलरावांनी नवा फोन खिशात घातला, बसवेशच्या पाठीवर थाप मारली आणि स्टँडकडं सुटले.

बसवेश बसून राहिला. काम झालतं, ब्लूटूथ बंद करायचं सोडून तो नुसता पडद्याकडं बघत होता. आता लॅपटॉप कुणाकडं पळणार न्हाई.

तेवढ्यात पडद्यावर एक खिडकी उघडली. हनुमानचा फोन जोडणी मागत होता. हो म्हणायचं तर चार आकडी नंबर टाका. तिकडं जो टाकलाय तोच इकडं.

आता हे एक कुठलाच ड्रायव्हर करून देत न्हाई. तिकडच्यानं कुठला नंबर टाकला ते इकडच्यानं विचारावं लागतं, तोंडानं. आणि खिडकी काय जास्त थांबत न्हाई.

बसवेशनं लॅपटॉप तसाच उघडा उचलला, छातीशी धरला आणि दारात आला. समोर हनुमान आपल्या दारात उभा. मधी बोळ.

"किती टाकला बे?"

हनुमाननं हात वर केला. सगळी बोटं उघडली, पाच. मग दोन बोटं. मग मूठ, म्हणजे शून्य. बसवेश एका हातानं लॅपटॉप सावरत दुसऱ्यानं आकडे टाकत गेला.

आणि कांद्याच्या गोण्यांचा टेम्पो बोळात घुसला, नेमका दोघांच्या मधी येऊन थांबला. ड्रायव्हर उतरून पत्ता विचारायला लागला. हनुमान दिसेना, त्याचा हात दिसेना, चौथा आकडा राहिला तिकडंच.

खिडकी अजून उघडी होती. बसवेश पायरी उतरला.