ग्रहाची धडधड

आमच्या सरांनी ऐन तिशीत एका दूरच्या ग्रहाची धडधड शोधून काढली. त्या ग्रहाभोवती फिरणाऱ्या यानावरचा चुंबकमापक दर सहा तासांनी एक उसळी दाखवायचा. त्या एका उसळीवर सरांनी प्राध्यापकपद, विभागप्रमुखपद आणि पाठ्यपुस्तकातला अख्खा धडा मिळवला.

त्यांच्याकडे पीएचडी करणारी एक मुलगी भर बैठकीत म्हणाली, "सर, यानातला हीटरही बरोबर दर सहा तासांनीच चालू होतो. आपण नक्की ग्रह मोजतोय की हीटर?"

सर हसले. "बाळ, हीटरची एवढी ओढ असेल तर तिकडेच जा की."

आठवड्याभरात तिचं टेबल रिकामं झालं. बैठकीत त्या वेळी आम्ही सगळे खाली माना घालून आपापल्या वह्यांत फार महत्त्वाचं काहीतरी लिहीत होतो.

ती खरंच तिकडे गेली. यानांचे हीटर बनवणाऱ्या कारखान्यात लागली. पंधरा वर्षांनी त्याच ग्रहाकडे नवं यान निघालं, तेव्हा त्यातला हीटर तिनेच बसवला. तारांना नीट पीळ देऊन, म्हणजे त्यांचं चुंबकत्व बाहेर सांडत नाही.

काल त्या यानाची पहिली नोंद आली. सहा तास, बारा तास, चोवीस तास, रेघ आपली सरळच. खोलीत कोणी सरांकडे बघेना.

सरांनी सावकाश चष्मा पुसला. "थांबली बिचाऱ्याची धडधड," ते म्हणाले. "लिहून घ्या. हा तर पहिल्यापेक्षा मोठा शोध आहे."



आम्ही वह्या उघडल्या.