पहिल्या वेताची

"पाय सुजलेत तिचे," शहादेव म्हणाला.

डॉक्टरांनी मान वर केली नाही. छावणीतल्या नऊशे जनावरांना ते एकटेच डॉक्टर. दर मंगळवारी यायचे. सकाळपासून खुरकताची लस टोचून त्यांची बोटं आखडली होती.

"कितवा महिना?"

"आठवा सरून नववा लागलाय. पहिल्या वेताची हाय."

"मग सुजायचेच. पाणी भरपूर पाज."

भरपूर पाणी आणायचं कुठून? यंदा पाणी टँकरचं, तेही गावाला आठवड्यातून दोनदा.

शिरूर कासारच्या माळावर साखर कारखान्यानं ही चारा छावणी लावली होती. नियम एकच होता. रोजच्या हजेरीला मालक दावणीपाशी दिसला नाही, की त्या दिवशीचा चारा बंद. त्यामुळं शहादेव दोन महिने माळावरून हलला नव्हता. बायको मालन बाळंतपणाला माहेरी, तलवाड्याला गेली होती. फोन केला की सासू म्हणायची, "बरी हाय. तुमी जनावरं बघा," आणि फोन ठेवायची. यातलं गड्यामाणसाला कुणी काही सांगत नाही, आणि त्यानंही विचारायचं नसतं. शहादेवची थोरली बहीणही बाळंतपणात शेवटच्या दिवसापर्यंत 'बरी'च होती. मग एक दिवस तिचं लुगडं तेवढं परत आलं.

मागच्या मंगळवारी त्यानं विचारलं होतं, "आडवं आलं तर, सायब?"

"आत हात घालून सरळ करायचं," डॉक्टर सहज म्हणाले होते. "नाहीच जमलं तर दोरी लावून ओढायचं. चार गडी लागतात."

त्या आठवड्यात शहादेवच्या घशाखाली भाकर उतरली नाही. दावणीतलं शेण काढता काढता तो मधेच थांबायचा आणि उभ्या उभ्या पेंगायचा. शेजारच्या दावणीची भिवराबाई ते बघायची आणि त्याच्या वाटणीचंही शेण ओढायची.

आज तो तिथंच घुटमळला. मागं रांग खोळंबली होती.

"अजून काय?" डॉक्टर वैतागले.

"दोघातलं एकच वाचणार असंल तर?"

"गाय वाचवायची. वासरू काय, पुन्हा होईल."

 कितीतरी दिवसांनी शहादेवला मोकळा श्वास घेता आला.

"तेवढं लिहून देता का, सायब?"

डॉक्टरांनी आता पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट पाहिलं. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली. "लिहून? कशाला?"

"ऐन टायमाला मी तिथं नसलो तर. घरचे नातवाच्या पायी…" तो अडखळला. "वासराच्या पायी येडे झालेत."

डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. "चल, दाखव तुझी गाय."

"राहू द्या, सायब."

पण डॉक्टर चालायला लागले होते. शेवटच्या रांगेत शहादेवची दावण. हिरव्या जाळीच्या सावलीत दोन बैल उसाचं वाळलेलं वाढं चघळत उभे होते. तिसरा खुंटाच नव्हता.

"गाय कुठंय?"

शहादेव पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. लाजेनं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

म्हशीला पाणी दाखवणारी भिवराबाई बादली ठेवून पुढं आली. "गाय तलवाड्याला हाय, सायब. बाळंतपणाला गेलीय. पाय सुजलेत एवढंच कळलंय फोनवर. हे पोरगं सुकून चाललंय हितं. जाऊ द्या त्याला, ह्याची बैलं मी बघते."

 दोन मंगळवार आपण या पोराला काय काय सांगितलं, ते डॉक्टरांना एकेक करून आठवत गेलं. त्यांनी धोतराच्या फडक्यानं हात पुसले, पुन्हा पुसले.

"हजेरीचं मी बोलतो कारखान्याच्या माणसाशी. तू निघ," ते म्हणाले. "आणि दोरीचं विसर बाबा. ते गाईचं होतं."

शहादेवनं मान हलवली. पण तो हलला नाही.

"आन् ते दुसरं, सायब? पहिलं कुणाला वाचवायचं ते?"

डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं.

"ते बाईचंही तेच आहे. आण कागद."